साखळी प्रार्थना झाली, तरी दादा गेला. आता आईला काय सांगू?

शाहूपुरीची लेक

सगळ्यांना सलाम.

माझा दादा जूनमध्ये गेला. दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. अडीच वर्षं डायलिसिस, आधी आठवड्यातून दोनदा, मग तीनदा. आईचं मूत्रपिंड चाललं नाही, माझं जुळलं. कागदपत्रं झाली, समितीची परवानगी आली, ऑपरेशनची तारीख पडली आणि तारखेच्या नऊ दिवस आधी त्याला इन्फेक्शन झालं. पाचव्या दिवशी तो गेला.

त्या पाच दिवसांत आमच्या मंडळीने, म्हणजे चर्चच्या लोकांनी, साखळी प्रार्थना धरली होती. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. दिवसरात्रीचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे भाग करायचे आणि एकेका घराने एकेक भाग घ्यायचा, म्हणजे कुठल्याही वेळी कुणीतरी गुडघ्यावर असतंच. आईने आपणहून पहाटे तीन ते साडेतीनची वेळ मागून घेतली होती. दवाखान्याच्या जिन्याखाली चादर अंथरून ती बसायची. वॉचमनही तेवढा वेळ तिथला दिवा मालवत नसे.

मातीनंतर तिसऱ्या दिवशी घरी भेटायला आलेल्या एका बंधूंनी आईचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "कुठंतरी विश्वास कमी पडला, बाई." आई त्यांच्यासाठी चहा घेऊन आली होती. तिने कप खाली ठेवला आणि आत गेली. त्या दिवसापासून मी तिला प्रार्थना करताना पाहिलं नाही. रविवारी भक्तीला येते, पाठीमागच्या बाकावर बसते, गीताला उभी राहते, पण ओठ हलत नाहीत.

"मागा म्हणजे तुम्हांला दिले जाईल", बायबलात मत्तयाच्या सातव्या अध्यायातलं. हे वचन तिनेच मला पाठ करून घेतलं होतं. आता तिला मी काय सांगायचं?

एक विनंती आहे. "देव तीन उत्तरं देतो, हो, नाही आणि थांब" हे कृपा करून सांगू नका. शब्बाथशाळेत मी स्वतः मुलांना ते शिकवलंय. आईच्या तोंडाकडे बघून म्हणायला गेले आणि जीभ रेटली नाही.

पन्हाळवारा

ताई, वाचून फार वाईट वाटलं. प्रभू तुमच्या घराला धीर देवो.

तरी शास्त्र काय म्हणतं ते आपण बघायला हवं असं मला मनापासून वाटतं. याकोबाच्या पत्रात चौथ्या अध्यायात लिहिलंय की तुम्ही मागता पण मिळत नाही, कारण अयोग्य हेतूने मागता. यशया ५९ मध्ये आहे की तुमच्या अपराधांनी देवाचं मुख तुमच्यापासून झाकलंय. स्तोत्र ६६ म्हणतं की मनात अधर्म जपला असता तर प्रभूने ऐकलं नसतं. पेत्र तर नवऱ्यांना बजावतो की बायकोला मानाने वागवा, नाहीतर तुमच्या प्रार्थनांना अडथळा येईल. म्हणजे उत्तर न मिळण्याची कारणं शास्त्रात दिलेली आहेत. त्या बंधूंची सांगायची पद्धत चुकली असेल, पण आत्मपरीक्षण करायला काय हरकत आहे?

शाहूपुरीची लेक

पन्हाळवारा दादा, आत्मपरीक्षणच चाललंय. रोज रात्री. आई मला विचारते, "मी तीनला उठायची ती एकदा साडेतीनला उठले, त्यानं झालं का गं?"

रविवारची घंटा

मी निवृत्त पाळक, म्हणजे पाद्री आहे. चाळीस वर्षं कोल्हापूर, सांगली, मिरज या भागात मंडळ्या सांभाळल्या. लिहायला वेळ लागतो, पण हे वाचून राहवलं नाही.

पन्हाळवारा, तुम्ही दिलेली वचनं खरी आहेत. पण ती कुणाला उद्देशून आहेत ते बघा. याकोब ज्यांना बोलतोय ते चैनीत उधळायला मागणारे लोक आहेत, भांडणं आणि हेवा करणारे. यशयाच्या त्या अध्यायात पुढच्याच वाक्यात रक्ताने माखलेले हात आहेत, खोटे बोलणारे ओठ आहेत. आदल्या अध्यायात तर उपास करता करता मजुरांना राबवून घेणारे लोक आहेत. पेत्र बायकोला तुच्छ लेखणाऱ्या नवऱ्याला दम भरतोय. ही सगळी वचनं माणसाने स्वतःच्या अंगाला लावून बघायची आहेत. पोराच्या खाटेशी बसलेल्या आईच्या अंगावर दुसऱ्याने टाकायची नव्हेत. जन्मांध माणूस पाहून शिष्यांनी हेच विचारलं होतं, पाप कुणाचं, याचं की आईबापांचं? प्रभूने सरळ सांगितलं, याचंही नाही, आईबापांचंही नाही.

आता "विश्वास कमी पडला" या वाक्याबद्दल. या वाक्याचा मला राग आहे आणि तो मी लपवणार नाही. प्रेषितांची कृत्ये, अध्याय १२ काढा. हेरोद राजाने प्रभूचा शिष्य, योहानाचा भाऊ याकोब याला तलवारीने मारलं, त्याच्यासाठी अख्खं एक वाक्य आहे. मग त्याने पेत्राला धरलं. मंडळी कळकळीने प्रार्थना करू लागली आणि रात्री देवदूत येऊन पेत्राला तुरुंगातून बाहेर घेऊन गेला. एकच शहर, एकच मंडळी, एकच राजा. याकोबासाठी त्या मंडळीने हात जोडलेच नसतील असं मला वाटत नाही. त्याच्या आईला लोकांनी काय सांगितलं असेल? तुझ्यासाठी आम्ही कमी विश्वासाने मागितलं?

आणि पुढचं बघा, जे आपण प्रवचनात घाईने उरकतो. पेत्र सुटून दारात येऊन ठोकतोय. रुदा नावाची मुलगी आनंदाच्या भरात दार उघडायचं विसरून आत पळते आणि सांगते, पेत्र आलाय. आत प्रार्थना करणारे लोक तिला म्हणतात, "तू वेडी आहेस." ज्या गोष्टीसाठी गुडघे टेकले होते ती दारात उभी राहिली तरी त्यांना पटेना. हा त्या मंडळीचा विश्वास! आणि तेवढ्यावर पेत्र सुटला. मग विश्वासाच्या मापाने उत्तर मिळतं हा हिशेब कुठून आणला आपण?

मार्क नऊमधला बाप आठवा. माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा, असं रडत म्हणाला. अर्ध्या विश्वासाचा माणूस. त्याचा मुलगा बरा झाला.

आईंना सांगा, साडेतीनला उठल्याने काही झालं नाही.

पन्हाळवारा

पाळकसाहेब, रुदाची गोष्ट लहानपणापासून ऐकतोय, या बाजूने कधी पाहिली नव्हती. ताई, मी घाईने लिहिलं. क्षमा करा.

उसाचा मळा

मी ख्रिस्ती नाही. करवीर तालुक्यातला शेतकरी आहे, पण धागा पहिल्यापासून वाचतोय. ताई, तुमच्या दुःखात सामील आहे. विचारू की नको असं झालंय, पण विचारतो. आमच्यात अंबाबाईला, जोतिबाला नवस बोलतात. पूर्ण झाला की फेडतात. पूर्ण झाला नाही तर घरातली म्हातारी माणसं देवाला चार शब्द सुनावतात सुद्धा. तुमच्यात नवस असतो का? आणि देवाशी भांडायची मुभा असते का? कारण ताईंच्या आई गप्प झाल्या, हे मला सगळ्यात जास्त लागलं.

रविवारची घंटा

मोठा प्रश्न विचारलात. हन्नाने मंदिरात रडत मुलगा मागितला तेव्हा तिने जे केलं त्याला आमच्या मराठी शास्त्रात शब्दच "नवस" असा आहे. तिला शमुवेल झाला आणि तिने तो देवाला दिला. पण देवाशी व्यवहार ठरवता येतो अशी शिकवण मात्र नाही. दाविदाने आजारी बाळासाठी सात दिवस उपास केला, जमिनीवर पडून राहिला. सातव्या दिवशी बाळ गेलं. मोशेने यार्देनपलीकडचा देश बघू दे म्हणून विनवणी केली आणि देवाने सांगितलं, पुरे, या गोष्टीविषयी पुन्हा बोलू नको. आमच्या शास्त्रातली ही मोठमोठी माणसं रिकाम्या हाताने परतलेली आहेत आणि ते शास्त्रात लपवलेलं नाही.

भांडायची मुभा? तुकोबांनी विठ्ठलाशी जे भांडण मांडलं ते या मातीत कुणाला परकं नाही. आमच्याकडे स्तोत्रसंहिता आहे. दीडशे स्तोत्रांत कितीतरी निव्वळ तक्रारीची आहेत. तेराव्याच्या पहिल्या दोन ओवींत चार वेळा विचारलंय, कुठवर, कुठवर? हबक्कूक संदेष्ट्याचा ग्रंथच "मी किती ओरडू आणि तू ऐकणार नाहीस?" अशा सुरात सुरू होतो. बहुतेक तक्रारीची स्तोत्रं शेवटी स्तुतीकडे वळतात. अठ्ठ्याऐंशीवं वळत नाही. मूळ हिब्रूत त्याचा शेवटचा शब्दच अंधार आहे. ते तसंच ठेवलं, कुणी त्याला गोड शेवट जोडला नाही, आणि ते मंदिरात गायलं जायचं. माझ्या चाळीस वर्षांत मी ते भक्तीत एकदाही वाचायला दिलं नाही. चुकलंच माझं.

शिरोळकाठ

माझं एक ओझं आहे, ते इथं ठेवतो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४३. आमच्याकडं खाली कृष्णा आणि पंचगंगा दोन्हीचं पाणी. हायवे बंद, दूध नाही, गॅस नाही. आम्ही माळ्यावर बसून रात्रभर प्रार्थना केली की पाणी इथंच थांबू दे. उंबऱ्याच्या वर दोन वीत आलं आणि थांबलं. पाणी उतरल्यावर पहिल्याच रविवारी मी साक्ष दिली, देवानं आमचं घर राखलं म्हणून. सगळे आमेन म्हणाले.

साक्ष देऊन खाली बसलो तेव्हा मागच्या रांगेत आमच्याच गल्लीतलं एक कुटुंब बसलेलं दिसलं. त्यांची दोन खोल्यांची मातीची भिंत सगळी बसली होती, दोन म्हशी गेल्या होत्या. ती माणसं पण माळ्यावर बसून हेच मागत होती. माझं घर सिमेंटचं आणि जोतं तीन फूट उंच. त्यांचं नव्हतं. हे मला तेव्हा सुचलं नाही.

मी उपकार मानले ते खोटं नव्हतं. पण माझ्या साक्षीनं त्यांच्या कानात काय गेलं असेल? हेच ना, की तुमचं राखलं नाही? त्यानंतर मी साक्ष द्यायला उभा राहिलेलो नाही. राहावं का, ते ठरत नाही.

उसाचा मळा

दादा, आम्ही गुऱ्हाळ लावलं की पाऊस नको म्हणतो, चुलवाण भिजतं. त्याच आठवड्यात शेजारी लावणीला पाऊस मागतो. दोघांचंही पोट आहे.

जुनी परिचारिका

लेकी, मी एका मिशन दवाखान्यात चौतीस वर्षं नर्स होते. आमच्या भागात दवाखाना आणि प्रार्थना यांची गाठ जुनी आहे. मिरजेला वॉनलेस डॉक्टरांनी १८९४ साली काम उभारलं तेव्हापासूनची. ऑपरेशनच्या आधी प्रार्थना करायची हा आमचा रिवाज. तेव्हा प्रार्थना मी भरपूर ऐकल्यात.

एक रात्र सांगते. लहान मुलांचा वॉर्ड, दोन खाटा शेजारी शेजारी. दोघांनाही धनुर्वात. एका बाजूला आमच्या मंडळीतली बाई, दुसऱ्या बाजूला वारकरी घरातली, गळ्यात माळ. दोघी रात्रभर आपापल्या देवाला हाका मारत होत्या. पहाटे वारकरी बाईच्या पोराचा ताप उतरला. आमच्या बाईचं पोर गेलं. तिने मला विचारलं, "सिस्टर, माझ्या देवाला ऐकू आलं नाही का?" मी तेवीस वर्षांची होते. मला शिकवलं होतं तसं मी म्हणाले, "देवाची इच्छा." ती माझ्याकडे जशी बघत राहिली ते डोळे मी अजून विसरले नाही. माळवाली बाई उठली, स्वतःचं बरं झालेलं पोर खाटेवर ठेवून आमच्या बाईजवळ जाऊन बसली आणि तिला पदराखाली घेतलं. काही बोलली नाही.

त्यानंतर मी कुठल्याच आईला "देवाची इच्छा" म्हटलं नाही. पोरं मरावीत ही देवाची इच्छा असती तर येशू त्याचा मित्र लाजर याच्या कबरेशी रडला नसता. धनुर्वात लस न टोचल्याने होतो, घाणेरड्या ब्लेडने नाळ कापल्याने होतो. तुझ्या दादाला इन्फेक्शन जंतूंमुळे झालं. देवाने ते का थांबवलं नाही, ते मला ठाऊक नाही आणि चौतीस वर्षांत मला कुणी पटेल असं सांगितलं नाही. पण त्याने ते पाठवलं असं म्हणणाऱ्याशी मी भांडेन.

शास्त्रातल्या योबाची सगळी मुलं गेली, तेव्हा त्याचे तीन मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर ते चांगले होते. आठव्या दिवशी कारणं सांगायला लागले. ग्रंथाच्या शेवटी देव त्या मित्रांवरच रागावतो, आणि म्हणतो की माझ्याविषयी खरं ते योब बोलला. आरडाओरडा करणारा योब!

पन्हाळवारा

मावशी, हे वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

एक धीराची गोष्ट सांगू का? आपल्या कोल्हापूरचीच आहे. ज्यांच्या नावाने वायल्डर मेमोरियल चर्च आहे ते रॉयल वायल्डर १८५२ मध्ये इथं आले. दोन तपांनी थकून अमेरिकेला परतले. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ ला इथंच कोल्हापुरात जन्मला. तो आणि त्याची बहीण ग्रेस घरी रोज प्रार्थना करत की कॉलेजातले तरुण सेवेसाठी पुढे यावेत. १८८६ मध्ये अमेरिकेत माउंट हर्मन इथल्या विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात शंभर जण पुढे आले आणि त्यातून पुढे हजारो मिशनरी जगभर गेले. म्हणजे उत्तर कधी उशिरा येतं, कधी भलत्याच ठिकाणी येतं.

रविवारची घंटा

अशीच संत ऑगस्टीनच्या आईची, मोनिकेची गोष्ट आहे. मुलगा आफ्रिकेचा किनारा सोडून रोमला जाऊ नये म्हणून ती रात्रभर प्रार्थना करत राहिली आणि तो तिला फसवून रातोरात जहाजाने गेला. पण तिकडूनच पुढे मिलानला पोचला आणि ३८७ साली तिथं त्याचा बाप्तिस्मा झाला. ऑगस्टीनने नंतर लिहिलं की देवाने त्या रात्रीचं तिचं मागणं नाकारलं ते तिचं आयुष्यभराचं मागणं पुरवायला.

शाहूपुरीची लेक

तुम्ही दोघंही प्रेमाने सांगताय हे कळतं. पण या दोन्ही गोष्टी शेवटी मिळालेल्यांच्या आहेत. मोनिकेला मुलगा मिळाला. माझ्या आईला उशिरा काय मिळायचंय? दादा परत यायचा नाही. पंडिता रमाबाईंचं मला नेहमी आठवतं. एकुलती एक मनोरमा, केडगावच्या मुक्ती मिशनचं काम तिच्या हाती द्यायचं होतं. १९२१ ला मनोरमा गेली आणि वर्षाच्या आत रमाबाईही गेल्या. त्यांच्यासारख्या प्रार्थनेच्या बाईला जर लेक पुरवता आली नाही, तर "उशिरा मिळतं" हे सगळ्यांना लागू नाही.

रविवारची घंटा

बरोबर आहे तुझं. मोनिकेची गोष्ट मी तुला सांगायला नको होती, ती तुझ्या घरची नाही.

मग जिथं मिळालंच नाही तिथं जाऊ. गेथशेमाने, मरणाच्या आदल्या रात्रीची बाग. प्रभूने तीनदा मागितलं, शक्य असेल तर हा प्याला टळू दे. प्रेषित पौलानेही शरीरातल्या काट्यासाठी, म्हणजे त्याला छळणाऱ्या दुखण्यासाठी, तीनदाच मागितलं. पौलाला निदान उत्तर ऐकू आलं, माझी कृपा तुला पुरे आहे. गेथशेमानेत बापाचा शब्द आल्याचं कुठल्याच शुभवर्तमानात नाही. दुसऱ्या दिवशी वधस्तंभावर तो स्तोत्र बाविसातलं वाक्य ओरडला, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? म्हणजे उत्तर न आलेल्या प्रार्थनेत देवाचा पुत्र स्वतः उभा आहे. तुझ्या आईच्या शेजारी, त्या जिन्याखाली. माझा सगळा विश्वास या एका जागी टेकलेला आहे. दुसरीकडे कुठं टेकत नाही.

इब्री लोकांस पत्रात पाचव्या अध्यायात एक ओवी आहे, तिच्यावर मी कित्येक वर्षं अडखळलो. ख्रिस्ताने मोठ्याने आक्रोश करत, अश्रू गाळत, मरणातून सोडवू शकणाऱ्याकडे विनवण्या केल्या आणि त्याचं ऐकण्यात आलं, असं लिहिलंय. ऐकण्यात आलं? तो तर मेला! त्या लेखकाला ते ठाऊक होतंच. म्हणजे ऐकणं आणि टाळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं त्याला म्हणायचं असणार. ऐकलं गेलं ते मरणाच्या पलीकडून, तिसऱ्या दिवशी. पुनरुत्थान मी मानतो, जिवाच्या आकांताने मानतो. पण ते मातीनंतर तिसऱ्या दिवशी कुणाच्या दारात सांत्वनाचं वाक्य म्हणून टाकायचं नसतं. प्रभूनेही लाजराची बहीण मार्था हिला ते सांगितलं, पण दुसरी बहीण मरिया हिच्याजवळ तो आधी रडला.

शिरोळकाठ

पाळकसाहेब, मग माझ्या साक्षीचं काय करू?

जुनी परिचारिका

मी सांगते. तू त्यांच्या घरी जा. भिंत पुन्हा उभी राहिली का ते विचार. म्हशी घेतल्या का विचार. साक्षीचं मग बघ.

शाहूपुरीची लेक

दहा दिवसांनी लिहितेय. मध्ये बुधवारची घरगुती प्रार्थनासभा आमच्याकडे होती. मी पंचांना आधीच विचारलं की वाचन मी निवडू का. स्तोत्र अठ्ठ्याऐंशी वाचलं, पूर्ण. संपलं तेव्हा कुणी लगेच आमेन म्हणालं नाही. पंखा तेवढा फिरत होता. आई म्हणाली, "पुन्हा वाच." मी पुन्हा वाचलं.

मग नेहमीप्रमाणे विनंत्यांची वही काढली. आमच्या मंडळीत अशी एक वही आहे, लाल पुठ्ठ्याची. आजारी माणसांची, परीक्षेला बसलेल्या मुलांची, नोकरी शोधणाऱ्यांची नावं असतात. उत्तर मिळालं की पुढे तारीख घालून बरोबरची खूण करतात. दादाचं नाव दोन वर्षांपूर्वीच्या पानावर आहे, पुढे काहीच नाही. ज्या काकू वही लिहितात त्यांनी हळूच विचारलं की ते पान आता काय करायचं, नाव खोडायचं की तसंच ठेवायचं.

आई म्हणाली, "खोडू नका. मी अजून विचारतेय."

त्या रात्री तीन वाजता मला जाग आली. आईच्या खोलीत दिवा होता. ती बोलत होती, चढ्या आवाजात. मी दारातूनच परत फिरले.

उसाचा मळा

ताई, आईंना आमचा नमस्कार सांगा.